दिवाणखान्यातला पियानो की क्लबातला?

रॅगटाइमच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गाजलेल्या पियानो-संगीताच्या जमान्यातली, प्रेम आणि महत्त्वाकांक्षा यांच्या ओढाताणीची कादंबरी वाचायची म्हटलं की कुणीही ई. एल. डॉक्टरो यांची 'रॅगटाइम' (१९७५) हातात ठेवेल. त्यात चूक काहीच नाही. पण शेजारी जेम्स वेल्डन जॉन्सन यांची 'द ऑटोबायोग्राफी ऑफ अ‍ॅन एक्स-कलर्ड मॅन' (१९१२) ठेवलीत तर निवड तितकी सोपी राहत नाही. दोन्हींत एक कृष्णवर्णीय पियानोवादक आहे. डॉक्टरोंकडे तो आपल्याला परक्या घराच्या दिवाणखान्यात भेटतो, जॉन्सनकडे तो स्वतःच बोलतो.

आधी बाजाबद्दल दोन शब्द. डावा हात ठेका धरून बसतो, तो जराही ढळू देत नाही. उजवा हात मात्रांच्या मधल्या फटींत स्वर टाकत जातो. आपल्याकडे तबलजी सरळ ठेका देत असताना गवई आड लयीत शिरतो, त्याची आठवण व्हावी असा प्रकार. हे संगीत घाईने वाजवू नका, अशी ताकीद रॅगटाइमचा नामवंत रचनाकार स्कॉट जॉप्लिन देत असे. डॉक्टरोंनी ती कादंबरीच्या सुरुवातीलाच छापली आहे.

गंमत अशी की त्यांची स्वतःची कादंबरी मात्र धावते. वाक्यं तोकडी, संवादांना अवतरणचिन्हं नाहीत आणि जादूगार हुडिनी, मोटारवाला हेन्री फोर्ड, बँकर जे. पी. मॉर्गन, अराज्यवादी एमा गोल्डमन अशी खरीखुरी माणसं काल्पनिक पात्रांत बिनदिक्कत वावरतात. न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलच्या खात्यापित्या गोऱ्या कुटुंबाला तर नावंही नाहीत. वडील, आई, आईचा धाकटा भाऊ, बस्स. या घरात आसरा मिळालेल्या सेरा या कृष्णवर्णीय तरुणीला भेटायला आपला पियानोवादक, कोलहाउस वॉकर, दर रविवारी आपली नवीकोरी फोर्ड गाडी घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून येतो. ती खाली यायला तयार नसते. एकदा आई त्याला चहाला बसवते. तो पियानोवर बसतो आणि अगदी अदबीने सांगतो की पियानो सुरात लावून घ्यायला हवा. आई ओशाळते. मग तो जॉप्लिन वाजवतो. वडील विचारतात, 'कून साँग्ज' येतात का? (कृष्णवर्णीयांची टवाळी करणारी ही गाणी तेव्हा फार चालत.) ती तोंड काळं रंगवलेल्या गोऱ्यांनी म्हणायची गाणी आहेत, असं उत्तर त्यांना मिळतं. दोन-तीन पानांचा प्रसंग, पण पुढचा सगळा दारूगोळा तिथेच भरलेला आहे.

कारण याच माणसाची गाडी पुढे अग्निशमन दलाचं एक टोळकं अडवतं आणि तिची नासधूस करतं. त्याची मागणी एकच: गाडी होती तशी करून द्या. तोपर्यंत लग्नही नाही. माझी तक्रार इथे आहे. कोलहाउसच्या मनात डॉक्टरो आपल्याला शिरूच देत नाहीत. सेरा तर जवळपास मुकीच राहते. त्यांचं प्रेम आपण खिडकीबाहेरून पाहतो. शिवाय पुस्तकाचा मोठा भाग इतरांचा आहे: कात्रीने सावलीचित्रं कापणारा ज्यू स्थलांतरित, त्याची मुलगी, आणि त्या काळची गाजलेली मॉडेल एव्हलिन नेस्बिट. त्या काळाचा अख्खा बाजार बघायचा असेल तर याहून चांगलं पुस्तक नाही. प्रेमकथेसाठीच घेणार असाल तर मात्र हात थोडे रिकामे राहतील.

जॉन्सनच्या पुस्तकात बाजार नाही, एकच माणूस आहे. गोरा बाप, कृष्णवर्णीय आई, आणि वर्ण असा की कुणी ओळखू नये. न्यूयॉर्कच्या एका क्लबात तो पहिल्यांदा रॅगटाइम ऐकतो आणि शास्त्रशुद्ध शिकलेला हा मुलगा त्यातच बुडतो. मेंडेल्सनचा 'वेडिंग मार्च' रॅगटाइममध्ये फिरवून वाजवतो आणि मैफल लुटतो. एक लक्षाधीश त्याला जवळजवळ विकतच घेतो. तासन्‌तास, अवेळी, डोळे मिटून त्याला ऐकत बसतो. पुढे बर्लिनमध्ये एक जर्मन वादक त्याचीच धून उचलून तिच्यावर अभिजात पद्धतीने विस्तार करतो, तेव्हा याला आपलं आयुष्याचं काम सापडतं. ते काम अमेरिकेच्या दक्षिणेत ज्या प्रसंगापाशी अडतं तो मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की नंतर ज्या गोऱ्या मुलीवर तो जीव टाकतो, तिच्या सहवासात पियानोवर रॅगटाइम नसतो, अभिजात संगीतकार शोपँ असतो. लेखक यावर काही भाष्य करत नाही. माझ्या मते सगळं पुस्तक त्या सुरांच्या बदलात आहे.

जॉन्सनना हा धंदा आतून माहीत होता. भाऊ रोझमंड आणि बॉब कोल यांच्याबरोबर त्यांनी ब्रॉडवेसाठी, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी, गाणी लिहिली होती. पुस्तक आधी लेखकाच्या नावाशिवाय निघालं, नाव आलं ते १९२७च्या आवृत्तीत. काटेकोर अर्थाने ही ऐतिहासिक कादंबरी नव्हे, ती त्या काळातच लिहिलेली आहे. इंग्रजी जुन्या वळणाचं, आणि मधूनच वंशप्रश्नावर व्याख्यान सुरू होतं. आगगाडीतल्या धूम्रपानाच्या डब्यातला वाद तर मी पहिल्या वाचनात चक्क उडवला होता. आता उडवत नाही.

मायकल ओंडाटजे यांची 'कमिंग थ्रू स्लॉटर' (१९७६) हेही नाव कुणीतरी सुचवेलच. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य) बडी बोल्डन, ज्याचं एकही ध्वनिमुद्रण उरलं नाही, तो तिचा नायक. पुस्तक जबरदस्त आहे, पण ते जॅझच्या उंबरठ्यावरचं, तुकड्यातुकड्यांचं, अर्धं कवितेचं. कविता वाचायची सवय नसेल तर यापासून सुरुवात करू नका.

पैशाचा विचार असेल तर जॉन्सन कॉपीराइटमधून मुक्त आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. डॉक्टरो विकत किंवा वाचनालयातून. प्रवासात, तुकड्यातुकड्याने वाचणार असाल तर डॉक्टरो घ्या. प्रकरणं छोटी आहेत, धागा तुटत नाही. दोन सलग संध्याकाळी मोकळ्या असतील तर आधी जॉन्सन, आणि मग लगेच न्यू रोशेलच्या त्या बेसूर पियानोपाशी या. कोलहाउस जे बोलत नाही, त्यातलं बरंच तोवर तुम्हाला ऐकू यायला लागलेलं असेल.