दीडशे रुपयांचा देवमासा

दक्षिण नागपुरात एका मैदानावर सध्या समुद्राचा मेळा लागला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. हे मेळेवाले गावागणिक बोर्ड बदलतात, पुढच्या वर्षी दुसऱ्याच नावाने भेटतील. तिकीट १५० रुपये, तीन वर्षांवरच्या पोराला पूर्ण, गाडी लावायचे ३० वेगळे. मी चितारओळीत मूर्ती आणि देखाव्यांचं काम करतो, म्हणून हे परीक्षण थोडं कारागिराच्या अंगाने जाणार. ज्यांना फक्त पोट्ट्यांना फिरवून आणायचं आहे त्यांनी एवढंच वाचा: सातनंतर जा, काचेचा बोगदा लवकर उरका आणि मागच्या मोठ्या तंबूत वेळ काढा.

बोगद्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाणी गढूळ, एसी नावापुरता, आणि 'शार्क, शार्क' म्हणून माइकवर जो ओरडा चालतो तो पंगास मासा आहे, बाजारात किलोने मिळतो तोच. पोरांना फरक पडत नाही. माझा भाचा खूश होता.

खरा माल मागच्या तंबूत. 'किनाऱ्यावर वाहून आलेले महाकाय जीव' असा फ्लेक्स, आत ट्रकभर रेती, आणि रेतीवर आडवा पडलेला फायबरचा ब्लू व्हेल. बोर्डावर लांबी ६० फूट. माझ्या खिशात टेप असतोच. भाच्याला एक टोक धरायला लावलं, ४० फुटाला चार बोटं कमी भरली. बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, एवढा बारका ब्लू व्हेल असतो का? पूर्ण वाढलेला ९०-१०० फुटांपर्यंत जातो हे खरं, पण किनाऱ्याला लागलेले बरेचदा लहानच असतात. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला ब्लू व्हेल आला होता, तो ४२ फुटांचा. म्हणजे मेळेवाल्यांनी खरी लांबी लिहिली असती तरी चाललं असतं. उगाच वीस फूट फेकले.

दोन वर्षांमागे आम्ही एका मंडळाच्या देखाव्यासाठी देवमासा केला होता. त्या वेळी रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात जाऊन खरा सांगाडा बघून आलो. पुढच्या परात चक्क बोटांची हाडं असतात, हे तिथे डोळ्यांनी पाहिल्यावर हात कसा कोरायचा ते कळलं. त्यामुळे या तंबूत शिरल्या शिरल्या माझी नजर जिथे जायची तिथे गेली.

आधी चांगलं सांगतो. गळ्यावरच्या घळ्या. हनुवटीपासून बेंबीपर्यंत एकमेकींना समांतर जाणाऱ्या, आणि प्रत्येकीची कड हलकी गोल. इथे शंभरातले नव्वद कारागीर पीव्हीसी पाइप अर्धा कापून चिकटवतात आणि वरून मॅट, म्हणजे फायबरचं कापड, मारतात. लांबून पन्हळी पत्रा दिसतो. याने मातीत हाताने ओढल्या आहेत. कुठे दोन घळ्या मधेच मिळतात, कुठे एक संपून दुसरी सुरू होते. मोल्डचा जॉइंट पोटाखाली रेतीत लपवला आहे, पुट्टी कुठे तडकलेली नाही. ज्या कोणी हे केलं त्याचा हात चांगला आहे, मानलं.

आता बाकीचं. ब्लू व्हेलला दात नसतात. वरच्या जबड्याला केसाळ पट्ट्यांची झालर असते, तिच्यातून पाणी गाळून तो बारीक कोळंबीसारखे जीव खातो. आम्ही ती झालर नायलॉनच्या झाडूंनी केली होती, चारशे रुपयांत काम झालं. इथे मात्र दोन्ही जबड्यांत पांढरेशुभ्र सुळे, आणि आत लाल बल्ब. डोळा खऱ्या प्राण्यात जबड्याच्या कोपऱ्याजवळ, एवढ्या धुडाच्या मानाने बारका. इथे कपाळावर, पापण्यांसकट. डोक्यावर नाकपुड्या दोन हव्यात, इथे एक भोक आणि त्यातून कूलरच्या पंपाने उडणारं कारंजं. मेलेल्या जनावराने कारंजं कसं उडवावं हे विचारायला गेलो नाही. उन्हाळ्यात चार थेंब अंगावर येतात, लोक खूश.

माइकवाल्याने मात्र जे सांगितलं ते खोडायला हवं, कारण पोरं ते पाठ करून शाळेत सांगतील. तो म्हणतो, 'पाण्याबाहेर आला की माशासारखा श्वास कोंडून मरतो.' देवमासा माशाच्या जातीतला नाहीच, आपल्यासारखा फुफ्फुसाने हवा घेतो. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. वाळूवर तेच टनावारी वजन त्याच्याच फुफ्फुसांवर बसतं. वरून चरबीचा जाड थर, ऊन लागलं की आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून अंगावर ओली फडकी टाकतात, पाणी मारतात, पण नाकपुडीत पाणी जाऊ द्यायचं नाही आणि शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं तेव्हा गावकरी, वन खातं, जेसीबी, बोट सगळं झालं, समुद्रात नेऊन सोडलं, तरी शेवटी ते वाचलं नाही. ही गोष्ट सांगितली असती तर तंबूत पिन पडली तरी ऐकू आली असती. आपल्याच राज्यातली, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेली. पण तिचा उल्लेखही नाही. तमिळनाडूचा एक फोटो आहे, २०१६ च्या जानेवारीत तुतीकोरिनच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या वर पायलट व्हेल एकदम आले होते त्याचा, तोही कारंज्याच्या मोटारीमागे लावलेला.

भिंतीवरचे बाकी फलक म्हणजे व्हॉट्सॲपचं छापील रूप. एका फोटोत पंधरा-वीस गोरे जवान एक लांबलचक चंदेरी मासा ओळीने धरून उभे आहेत आणि खाली लिहिलंय 'मेकाँग नदीतली नागराणी'. हा फोटो १९९६ चा, अमेरिकेतल्या सॅन दिएगोजवळचा. तो ओरफिश आहे, खोल समुद्रातला, २३ फुटांचा, आणि धरणारे तिथल्या नौदलाचे जवान. मेकाँगचा त्यात संबंध नाही. दुसरा फलक 'चिलीचा अज्ञात राक्षस, २००३'. तो अज्ञात वगैरे राहिलेला नाही. पुढच्याच वर्षी डीएनए तपासला तेव्हा स्पर्म व्हेलच्या चरबीचा गोळा निघाला. सडून हाडांपासून सुटलेली चरबी किनाऱ्याला लागली की तिला ना डोकं ना शेपूट, मग लोकांना राक्षस दिसतो. तिसऱ्यावर 'हृदय मोटारीएवढं'. कॅनडात २०१४ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या ब्लू व्हेलचं हृदय टोरांटोच्या संग्रहालयाने जतन केलंय, वजन साधारण १८० किलो. आमच्याकडच्या मोठ्या गणपतीचं डोकं याहून जड भरतं.

एक फलक मात्र झकास आणि खराही. मेलेल्या देवमाशाच्या पोटात कुजून वायू साठतो, कातडं जाड, वाट मिळत नाही. तैवानमध्ये जानेवारी २००४ ला तैनान शहरात ट्रकवरून नेताना एक स्पर्म व्हेल भर रस्त्यात फुटला. रक्त-आतडी दुकानांवर, गाड्यांवर. त्याच्या शेजारी अमेरिकेतल्या ओरेगनचा किस्सा, नोव्हेंबर १९७० चा: विल्हेवाट लावायला रस्ते विभागाच्या लोकांनी अर्धा टन डायनामाइट लावलं, आणि मांसाचा एक मोठा तुकडा दूर उभ्या असलेल्या मोटारीवर पडून तिचं टप चेपलं. खात्याचा कारभार कुठेही गेलं तरी सारखाच, काय बाप्पा. इथे गर्दी सगळ्यात जास्त होती आणि लोक मोठ्याने वाचत होते. म्हणजे खरी गोष्ट नीट लिहिली तर नागपूरकर वाचतो. नागराणीची गरज नाही.

बाहेर पडताना अत्तराचा स्टॉल लागतो. 'असली अंबरग्रिस, २०० रुपये शिशी.' भाऊ, अंबरग्रिस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे ते बाळगणं, विकणं गुन्हा आहे. लोकांना त्यापायी अटक होते. शिशीत गुलाबाचा वास होता म्हणून स्टॉलवाला वाचला म्हणायचा. घेऊ नका, एवढंच.

खाण्याचं: सोडा बरा, भेळ मऊ पडलेली. पिण्याच्या पाण्याची सोय नाही, मे महिन्यात नागपुरात हे न चालणारं आहे. बाथरूमविषयी घरी येऊनही बोलवत नाही.

आता शेपटीचं. माशाची शेपटी उभी असते, देवमाशाची आडवी. पोहताना तो ती वरखाली मारतो. पाचवीच्या पोराला ठाऊक असतं. इथे इतक्या सुरेख घळ्यांच्या मागे उभी शेपटी! ज्याने गळा असा घडवला तो शेपटीला चुकेल हे मला पटेना. मागे जाऊन वाकून बघितलं तर फ्लँजला, म्हणजे शेपटी धडाला जोडणाऱ्या पट्टीला, नटबोल्टची जुनी भोकं आडवीच, नवी वेल्डिंग करून पाव वळसा फिरवलेली. तिथे एक अकोल्याचा पोरगा रेतीवर पाणी मारत होता, त्याला विचारलं.

"आडवीच होती न काका. पोट्टे बसते तिच्यावर फोटो काढाले. अमरावतीले एका बाईच्या वजनानं कडकन तुटली. मंग मालकानं उभी केली."

"आतून लोखंड नाही टाकलं का?"

"नाही. पोकळच हाय."

म्हणजे मूर्तिकाराचा दोष नाही, पैसे वाचवणाऱ्याचा आहे. मालक तिकीट खिडकीवर भेटला, बोलायला बरा माणूस. दीड इंची पाइपाचा सांगाडा घालून, वर चार थर मॅट मारून, शेपटी आडवी करून अठरा हजारांत देतो म्हटलं. दात काढून झालर लावायची तर अडीच हजार वर. सुळ्यांना हात लावू नका, म्हणाला, पब्लिक दातांसाठीच येतं. शेपटीचं चंद्रपूरचा मुक्काम झाला की बघू.

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन गळ्याचे.