माथ्यावरचं गाव की उतारावरचं?

डोंगरातल्या जुन्या गावांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर फरक पटकन कळत नाही. दगडी घरं, अरुंद बोळ, खाली दरी. जायचं ठरवताना मात्र एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. गाव डोंगराच्या माथ्यावर बसलंय की उतारावर? किती मुक्काम करायचा, कुठल्या महिन्यात जायचं, सोबत कोणाला न्यायचं, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

माथ्यावरची म्हणजे इटलीतलं चिविता दि बान्योरेज्जो, तिथलंच पितिल्यानो, फ्रान्सच्या प्रोव्हान्समधलं गोर्द. उतारावरची म्हणजे स्पेनच्या आल्पुहारा भागातली पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा, इराणमधलं मासुले, इटलीच्या किनाऱ्यावरची चिंक्वे तेर्रेची पाच गावं. दोन्हीकडे गावं शेकड्याने आहेत. ही उदाहरणं घेतली, कारण त्यांच्यात फरक स्वच्छ दिसतो.

आधीच सांगून टाकतो, माझा कौल उतारावरच्या गावांना आहे. माथ्यावर इतिहास तटाच्या आत आणि निसर्ग तटाच्या बाहेर, अशी सरळ वाटणी असते. उतारावर ती वाटणीच करता येत नाही. तिथला बांध, तिथला पाट, तिथली पायवाट म्हणजे इतिहासही आणि रानही. पण ज्याच्या हाताशी एकच दिवस आहे किंवा ज्याचे गुडघे कुरकुरतात, त्याने माझं ऐकू नये.

माथ्यावर: पाहून होतं लवकर

ही गावं वर गेली ती जिवाच्या भीतीने. तीन बाजूंना कडा, चौथ्या बाजूला एकच वेस, म्हणजे राखायला सोपं. चिविता हे त्याचं टोकाचं उदाहरण. रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वसवलेलं हे गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाच्या पठारावर उभं आहे आणि त्या दगडाखाली चिकणमाती आहे. माती पावसाने वाहून जाते, वरचा दगड लोंबकळतो आणि कधीतरी कडेच्या घरासकट खाली जातो. १६९५च्या भूकंपानंतर बरेचसे रहिवासी शेजारच्या बान्योरेज्जोत उतरले. आज चिवितात कायमची राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. गावात जायला १९६५ साली बांधलेला एक लांबलचक पादचारी पूल आहे, आणि त्याचा शेवटचा टप्पा चांगला दमवणारा आहे.

पूल संपला, वेशीतून आत शिरलं की चौक, चर्च, चार-सहा बोळ आणि मग कडा. रमतगमत फिरलं तरी दोन तासांत गाव संपतं. निसर्ग भरपूर आहे, पण तो कठड्याला टेकून बघायचा. खालच्या मातीच्या उभ्या, धारदार घळी अप्रतिम दिसतात, सकाळी दरीत धुकं साचलं तर अधिकच. गावाच्या हद्दीत मात्र चालायला रान नाही.

गोर्दची गोष्ट थोडी वेगळी. गाव पाहून झालं की आसपास हिंडायला जागा आहे. गावाजवळच्या दरीत ११४८ साली स्थापन झालेला सेनांकचा मठ आहे. चुन्याचा कण न वापरता रचलेल्या दगडी झोपड्यांची एक वस्तीही जवळच आहे. गाडीने थोडं पुढे रूसियों लागतं. तिथे गेरूच्या खाणींच्या लाल-पिवळ्या कड्यांमधून आखलेली वाट आहे. बूट आणि पँटचे पायचे लाल होतात, त्यामुळे पांढरे कपडे टाळा. पण हे सगळं गाडीवर अवलंबून आहे. आज हे गाव, उद्या ते गाव, असा हा प्रवास, आणि ज्यांना तसा आवडतो त्यांच्यासाठी प्रोव्हान्सइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

माझ्या नियमाला सुरुंग लावणारं गाव म्हणजे पितिल्यानो. दुरून पाहिलं तर तेही कड्यावरचंच, खालचा दगड कुठे संपतो आणि घराची भिंत कुठे सुरू होते ते कळू नये असं. पण त्याची खरी श्रीमंती पायथ्याशी आहे. एट्रुस्कनांनी दगड उभा कापत नेलेल्या पाणंदी तिथून सोव्हाना आणि सोरानो या शेजारच्या गावांच्या दिशेने जातात. काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या भिंती वीस मीटरपेक्षाही उंच आहेत आणि वाट मात्र दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी. भिंतींवर शेवाळ, नेचे, मध्येच छिन्नीचे तिरके घाव. भर दुपारीही आत गारवा असतो. या वाटा नेमक्या कशासाठी खोदल्या यावर अभ्यासकांचं एकमत नाही. रहदारी, पाण्याचा निचरा, दफनभूमीकडे जाणारे मार्ग, सगळे तर्क झाले आहेत. माथ्यावरचं गाव आणि पायाखालचं रान दोन्ही एकाच मुक्कामात हवं असेल तर चिवितापेक्षा पितिल्यानो निवडा. चिविता वाटेत अर्धा दिवस करता येतं.

उतारावर: गाव संपतं तिथे गावाचं काम सुरू होतं

उतारावरची गावं बसली ती पाणी आणि शेत बघून. आल्पुहाराची ती तीन गावं सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावर, पोकेइरा नदीच्या घळीत एकाखाली एक आहेत. सर्वांत खाली पाम्पानेइरा, साधारण एक हजार मीटरवर. सर्वांत वर कापिलेइरा, १४०० मीटरच्या पुढे. त्याच्याही वर मुलासेन, ३४७९ मीटर, स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर. १९९९पासून वरचा भाग राष्ट्रीय उद्यान आहे.

इथे बघायचं काय, तर पाट. मुस्लिम राजवटीच्या शतकांत लोकांनी बर्फ वितळून येणारं पाणी डोंगराच्या अंगाने फिरवून शेतापर्यंत आणलं. ते पाट आजही वाहतात. त्यांतल्या काहींचं काम शेताला पाणी देणं हे नाहीच. वसंतात बर्फाचं पाणी एकदम सुटतं, ते नदीतून वाहून जाऊ नये म्हणून उंचावरच्या सच्छिद्र जागी नेऊन मुद्दाम जिरवायचं. ते डोंगराच्या पोटातून सावकाश खाली येतं आणि उन्हाळ्यात गावाजवळच्या झऱ्यांना फुटतं. असा पाट ओळखायला सोपा आहे. तळ मातीचा, कडा वेड्यावाकड्या, बाजूला ओल आणि त्या ओलीवर वाढलेली झाडं. कोणी हौसेने त्याला सिमेंटचा गिलावा केला, तर पाणी जिरणार कुठे?

चालणाऱ्याला याचा रोकडा फायदा आहे. पाण्याला चढ चालत नाही, त्यामुळे पाटाकाठची वाट जवळपास सपाट असते. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना दम लागतो, पण पाट धरून आडवं गेलं की म्हातारंकोतारंही तास-दोन तास आरामात चालू शकतं. हे माहीत नसलेले लोक पहिल्याच दिवशी पाम्पानेइराहून कापिलेइराला चढतात आणि दुसरा दिवस खुर्चीत घालवतात.

घरंही नीट बघावीत. माळवदाची सपाट छपरं, चेस्टनटच्या तुळया, त्यावर दगडी फरश्या आणि सर्वांत वर करड्या-निळसर मातीचा थर, जी माती भिजली की फुगून पाणी अडवते. दोन घरांच्या मध्ये बोळावरून खोली काढलेली असते आणि बोळ तिच्याखालून जातो. १५६८ ते १५७१च्या उठावानंतर इथल्या मूळच्या मोरिस्को लोकांना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांना, हाकललं आणि उत्तरेकडून माणसं आणून वसवली. बांधणारे गेले, बांधणी राहिली.

मासुलेत छपराचा हाच उपयोग आणखी पुढे नेलेला आहे. खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण आणि गावाचा रस्ताही. गावात गाड्यांना प्रवेश नाही, तो देऊन उपयोगही नव्हता. भोवती कास्पियन समुद्राच्या बाजूचं दाट, दमट जंगल आणि बऱ्याचदा धुकं. दूरवरचं दृश्य बघायला जाणाऱ्यांची इथे हमखास निराशा होते. धुक्यातलं गाव आवडणाऱ्यांनी मात्र जावंच.

चिंक्वे तेर्रे सर्वांत प्रसिद्ध, आणि माझ्या मते सर्वांत जपून जाण्याची जागा. इथला सगळा उतार गडग्यांनी तोललेला आहे. चुन्याशिवाय रचलेल्या या दगडी बांधांच्या फटींतून पाणी झिरपून जातं, म्हणून मागच्या मातीचा दाब वाढत नाही. पण दरवर्षी एखादा दगड ढळतोच, तो परत बसवावा लागतो. शेत सोडलं की गडगा पडतो, गडगा पडला की माती सुटते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टीत व्हेर्नात्झा आणि मोन्तेरोस्सो ही गावं चिखल-दगडांच्या लोंढ्यात सापडली. पुढच्या वर्षी रियोमाज्जोरे आणि मानारोला या गावांना जोडणारी प्रसिद्ध पायवाट दरड कोसळून बंद झाली, ती पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडलं. म्हणून इथे निघण्याच्या सकाळी कोणत्या वाटा उघड्या आहेत ते चिंक्वे तेर्रे राष्ट्रीय उद्यानाच्या सूचनेत बघायचं आणि त्याप्रमाणे बेत बदलायचा.

गुडघे, सामान आणि मुक्कामाची खोली

माथ्यावर चढ एकदाच असतो. गाडी खाली लावली, वर आलात, की पुढे बहुतेक सपाट. उतारावर मात्र पाण्याची बाटली विसरली तरी साठ पायऱ्या. लहान मुलं खूश असतात, बाबागाडी ढकलणारे नसतात. चाकांची बॅग दोन्हीकडे निरुपयोगी, पाठपिशवीच बरी.

उतारावरच्या गावात खोली घेताना गाडी थांबते ती जागा वर आहे की खाली, हे विचारून घ्या. जाहिरातीतली सुंदर गच्ची बहुतेक वेळा त्याच्या उलट्या टोकाला असते. आल्पुहारात मी कापिलेइरा सुचवेन, कारण वरच्या वाटा तिथूनच सुरू होतात आणि दमून परत येताना उतरण लागते.

मुक्काम किती? चिवितासारख्या ठिकाणी फार तर एक रात्र, तीही दिवसभराची गर्दी निघून गेल्यावरचं गाव बघायला. तिथे २०१३पासून प्रवेश शुल्क आहे, तरी दुपारी पुलावर रांगच असते. उतारावर तीन रात्रींपेक्षा कमी असेल तर जाऊच नये. पहिला दिवस पाय सरावण्यातच जातो.

कुठला महिना

आल्पुहारा मे-जूनमध्ये, पाट भरून वाहत असताना, किंवा चेस्टनट पिवळे पडतात त्या शरदात. प्रोव्हान्समध्ये भर उन्हाळ्यात वणव्याचा धोका जास्त असेल त्या दिवशी डोंगररानात प्रवेश बंद ठेवतात, तेव्हा नुसती गावं उरतात. जुलै-ऑगस्टशिवाय सुट्टीच मिळत नसेल तर पितिल्यानोच्या पाणंदी बऱ्या, त्यांतला गारवा वर सांगितलाच. चिविता हिवाळ्यात, शनिवार-रविवार सोडून. चिंक्वे तेर्रे ज्या लिगुरिया प्रांतात आहे, त्याच्या किनाऱ्यावर मोठे पाऊस शरदात होतात, त्यामुळे तिथलं एप्रिल-मेमध्ये उरकावं. तेव्हा गर्दी वाढायला लागलेली असते, पण वाटा उघड्या असण्याची शक्यता जास्त.

घरात दोन मतं असतील, एकाला कड्यावरून सूर्यास्त हवा आणि दुसऱ्याला दिवसभर चालायचं, तर चिंक्वे तेर्रेतलंच कोर्निल्या बघा. पाच गावांतलं हे एकटंच समुद्रापासून वर, कड्याच्या माथ्यावर आहे आणि भोवतीचा सगळा उतार गडग्यांचा. स्टेशनापासून गावापर्यंत साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. त्या नको असतील तर गावात जाणारी छोटी बस मिळते, फक्त शेवटची किती वाजता सुटते ते स्टेशनवर उतरल्याबरोबर बघून ठेवा.