परिचर्येच्या सिद्धांतांचा पाच दिवसांचा वर्ग : एका रोवणीनंतरचे मत

चंद्रपूर जिल्ह्याच्या भातपट्ट्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी बारा वर्षांपासून परिचारिका आहे. गेल्या उन्हाळ्यात ग्रामीण भागातील परिचारिकांसाठी नागपूरला भरलेला पाच दिवसांचा वर्ग मी पूर्ण केला. परिचर्येचे वेगवेगळे सिद्धांत आणि त्यांची तुलना, हा त्याचा विषय होता. शुल्क दीड हजार रुपये, चहा-जेवण त्यातच, राहण्याची सोय ज्याची त्याने करायची. वर्ग संपल्याबरोबर मत न लिहिता मी एक रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा, हंगाम मुद्दाम जाऊ दिला, कारण वर्गात पटलेले सिद्धांत चिखलातून घरी आलेल्या बाईच्या पायाशी बसल्यावर कितपत हाताशी उरतात, हे मला पाहायचे होते.

सुरुवात अर्थातच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून झाली. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड या पाच गोष्टींवर त्यांनी १८५९ मध्ये जे लिहिले, ते शिक्षिकेने फार मनापासून शिकवले. रुग्णाला थंडी न बाधता आतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी, हा त्यांचा पहिला आग्रह. तो थंड मुलुखातील आहे आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा खिडकी पहाटे उघडून ऊन चढण्याआधी बंद करावी लागते, हे मात्र आम्हीच वर्गात उठून सांगितले. तत्त्व तेच राहते, वेळापत्रक बदलते. अशी चर्चा आणखी व्हायला हवी होती.

वर्गाचा खरा कस लागला तो व्हर्जिनिया हेंडरसन आणि डोरोथिया ओरेम यांच्या तुलनेत, आणि केवळ त्या दीड दिवसासाठीही शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन. हेंडरसन यांच्या चौदा मूलभूत गरजा आम्ही जीएनएमला, म्हणजे परिचारिकेच्या पदविका अभ्यासक्रमाला, असताना पाठ केल्या होत्या. श्वास, अन्नपाणी, झोप अशा क्रमाने म्हणून दाखवायच्या आणि गुण घ्यायचे. पण त्यांच्या व्याख्येतील तीन शब्दांकडे आमचे लक्ष कोणी वेधले नव्हते : रुग्णाजवळ शक्ती, इच्छा आणि ज्ञान असते तर जे त्याने स्वतःच केले असते, ते परिचारिकेने करायचे, आणि तेही तो लवकरात लवकर स्वावलंबी होईल अशा रीतीने. ओरेम यांनी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेला स्वयंकाळजीचा विचार इथूनच पुढे जातो. रुग्ण स्वतः किती करू शकतो आणि कुठे उणा पडतो हे आधी मोजायचे. मग सगळे आपण करायचे, काही आपण नि काही त्याने करायचे, की आपण फक्त शिकवायचे नि पाठीशी राहायचे, हे ठरवायचे.

आमच्या भागात हत्तीपायाचे रुग्ण गावोगाव आहेत. सुजलेला पाय पूर्ववत होत नाही, पण रोज साबणपाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या, भेगांना मलम लावले, बसता-झोपता पाय उंच ठेवला, तर पुन्हापुन्हा येणारे ताप-हुडहुडीचे झटके पुष्कळ कमी होतात. ओरेम यांची तिसरी, शिकवून पाठीशी राहण्याची पद्धत जणू याच कामासाठी आहे. मी पन्नाशीच्या एका बाईच्या ओसरीवर बसून टब, मग, टॉवेल समोर ठेवून सगळे नीट करून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "सिस्टर, समजलं सारं. पण रोवणा चालू हाय, पाय धुवाले येऊ कवा?" ज्ञान होते, इच्छाही होती, पण दिवसभर बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. स्वयंकाळजीचा सिद्धांत रुग्णाच्या अंगातली कुवत मोजतो, पण मजुरीचा दिवस त्याच्या मापात सहज बसत नाही.

तिथे मॅडलिन लायनिंगर कामी आल्या. मानववंशशास्त्र शिकलेल्या या परिचारिका पापुआ न्यू गिनीतील गाडसप लोकांमध्ये राहिल्या होत्या आणि लोकांच्या रीतींबाबत त्यांनी तीन वाटा सांगितल्या : जपावे, तडजोड करावी, बदलावे. बाई रात्री खाटेच्या पायथ्याशी विटा लावून झोपत असे, ते जपले. दुपारच्या भाकरीला बांधावर आल्यावर पाय धुऊन सुती कापडाने पुसायचा आणि संध्याकाळी घरी पोहोचताच साबणाने धुवायचा, ही तडजोड झाली. भेगांवर पाल्याचा लेप लावणे मात्र सोडायला लावले, आणि त्याला तीन फेऱ्या लागल्या. दर आठवड्याला मी तिच्या बेचक्यांमध्ये बोट घालून ओल पाहत असे. चौथ्या आठवड्यात पांढरी पडलेली कातडी गेली होती.

कॅलिस्टा रॉय यांचा जुळवून घेण्याचा सिद्धांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तरुण रुग्णांसाठी मोलाचा आहे, कारण वेदनेबरोबरच कमावता मुलगा म्हणून घरातले स्थान डळमळल्याचे दुःखही तो नोंदवायला लावतो. त्याला जेमतेम दोन तास मिळाले. रुग्ण-परिचारिका नात्यावरील हिल्डगार्ड पेपलाऊ यांचा विचार तर शेवटच्या दुपारी घाईघाईत उरकला.

माझ्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. टिपणे केवळ इंग्रजीत होती, त्यामुळे सोबतच्या एएनएम (साहाय्यक परिचारिका) भगिनी दोन दिवस नुसत्या उतरवून घेत राहिल्या. आणि सगळी उदाहरणे मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डातली होती, जिथे रुग्ण खाटेवर असतो आणि परिचारिका त्याच्याजवळ जाते. नाला भरला की गावच तुटते, असा विचार त्यांत कुठे नव्हता. शेवटच्या परीक्षेत सिद्धांतकर्त्यांची नावे आणि सालेच विचारली. एकच रुग्ण देऊन त्याच्यासाठी कोणता सिद्धांत घ्याल आणि तो कुठे अपुरा पडेल, असा प्रश्न असता तर पाच दिवसांचे चीज झाले असते.

एवढे असूनही उपकेंद्रावर एकटीने काम करणाऱ्या भगिनींनी हा वर्ग करावा, असे मी सांगेन. जाताना आपल्या गावातील एका रुग्णाची सविस्तर नोंद बरोबर न्यावी आणि प्रत्येक सिद्धांत शिकवून झाला की उभे राहून त्याच रुग्णाबद्दल विचारावे. आमच्या तुकडीत तिसऱ्या दिवसापासून आम्ही तसे केले, आणि शिक्षिकेनेही मग आपली स्लाइड बाजूला ठेवून फळ्यावर लिहायला सुरुवात केली.