जुने स्पीकर दुरुस्त करावेत की नवे घ्यावेत?

आमच्या डोंबिवलीच्या घरातले स्पीकर २००२ सालचे. लाकडी खोकं, साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा), वर छोटा ट्वीटर (वरच्या स्वरांचा). गेल्या पावसाळ्यात डग्गा घुमायच्या ऐवजी फडफडायला लागला. जाळी काढून पाहिलं, तर वूफरच्या कडेचा फोम चहात पडलेल्या बिस्किटासारखा झालेला. बोट लावलं की काळा, चिकट भुगा हाताला येत होता. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, वीस वर्षं वाजले, आता सोडा त्यांना." तो हौशी माणूस. गेल्या वर्षी त्याने ३२,००० रुपयांची बुकशेल्फ, म्हणजे छोट्या स्पीकरची, जोडी घेतली, ती शनिवारी रिक्षात घालून घेऊनच आला. जुने मी दरम्यान दुरुस्त करून ठेवले होते. त्यामुळे एकाच हॉलमध्ये, एकाच ॲम्प्लिफायरवर दोन्ही जोड्या आठ दिवस आलटून पालटून ऐकता आल्या.

आधी दुरुस्तीचं सांगतो, कारण बरेच जण ती पायरी गाळून थेट दुकानात जातात. फोम कुजला म्हणजे स्पीकर मेला असं नाही. आपल्या दमट हवेत फोमची कड दहा-वीस वर्षांत जातेच. रबराची असेल तर पुष्कळ जास्त टिकते. कोन (हलून आवाज काढणारा पडदा), कॉइल (त्याला हलवणारं तारेचं वेटोळं), चुंबक बहुतेक वेळा ठणठणीत असतात. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) विचारत गेलं की नवी कड बसवून देणारे कारागीर भेटतात. दोन्ही वूफरचे मला १,८०० रुपये पडले आणि क्रॉसओव्हरमधले (वूफर-ट्वीटरला स्वर वाटून देणाऱ्या सर्किटातले) सुकलेले कपॅसिटर बदलायचे ८००. माल ताब्यात घेताना कोनावर दोन्ही हातांची बोटं सारखी टेकवून हलकेच आत दाबून पाहा. मऊ गेला तर ठीक. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल मध्यावर बसलेली नाही. आमचा एक खर्र करतच घरी आला, पुन्हा फेरी मारावी लागली. तेव्हा २,६०० रुपये, दोन रविवार आणि थोडी लोकलची धक्काबुक्की, असा हिशेब धरा.

आता समोरासमोर ऐकणं. इथे फसगत फार होते. नव्या जोडीची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटला स्पीकर किती मोठा वाजतो ते) ८९ डेसिबल, जुन्यांची ८६. बटण तेवढंच ठेवलं तरी नवे ३ डेसिबल मोठे वाजतात; जुन्यांतून तेवढाच आवाज काढायचा तर दुप्पट वॉट लागतात. आणि आपल्या कानाची खोड अशी, की जे किंचित मोठं वाजतं ते त्याला जास्त चांगलं वाटतं. म्हणून फोनवरच्या डेसिबल ॲपने आवाज सारखा केला आणि बायकोला मध्ये चादर धरायला लावली. हसू नका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ साली हेच करून पाहिलं होतं. तेच स्पीकर, तेच श्रोते, पण स्पीकर डोळ्यांना दिसू लागले की गुण बदलत होते. दिसायला भारदस्त तो भाव खाऊन जात होता. दुकानात आपण उघड्या डोळ्यांनी ऐकतो, शेजारी सेल्समन उभा असतो, हे लक्षात असू द्या.

चादरीआडून सगळ्यात स्पष्ट फरक कळला तो तंबोऱ्यात. मला वाटलं होतं, खरजात, म्हणजे सगळ्यात खालच्या सा मध्ये कळेल. काळी एक या पट्टीचा खरज साधारण ६९ हर्ट्झ, म्हणजे वूफरचं काम. पण तंबोऱ्याचा जीव जवारीत असतो, आणि जवारी म्हणजे मूळ स्वराच्या कितीतरी वर निघणाऱ्या उपस्वरांची झालर. जुन्या जोडीवर तो एक अखंड गुंजारव होता, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभं राहिल्यासारखा. नव्यावर पंचम, जोडी आणि खरज या तारा वेगवेगळ्या छेडलेल्या कळत होत्या, आणि गायकाने श्वास घेतला तोही. असं एकदा ऐकलं की कान पुन्हा जुन्याला रुळायला वेळ लागतो, हा धोका सांगून ठेवतो.

मग नाट्यसंगीत लावलं, ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं. चादरीआड कुठली जोडी वाजतेय, तिघांपैकी एकालाही सांगता येईना. बरोबरच आहे. त्या तबकडीत वरचे स्वर मुळातच फारसे उतरलेले नाहीत, तर ३२,००० चा स्पीकर ते आणणार कुठून? ज्यांच्या घरी मुख्यतः जुनी गाणीच वाजतात, त्यांनी माझ्या मते दुरुस्तीवर थांबावं.

खालच्या स्वरांत तर जुनेच उजवे ठरले, खोकं मोठं म्हणून. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट खोलीची. आमचा हॉल १२ बाय १०. ध्वनीचा वेग, सेकंदाला साधारण ३४४ मीटर, खोलीच्या लांबीच्या किंवा रुंदीच्या (मीटरमध्ये) दुपटीने भागला की ती खोली कुठल्या स्वराला घुमते ते कळतं: आमच्याकडे ४७ आणि ५६ हर्ट्झ. त्या आसपासचा स्वर आला की अख्खा हॉल पिंपासारखा वाजतो. स्पीकर इतकी वर्षं टीव्हीच्या कपाटावर, पार कोपऱ्यात होते, त्यामुळे त्यात भरच. ते दीड फूट पुढे घेऊन स्टुलांवर ठेवले, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले आणि समोरच्या उघड्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. खर्च शून्य, आणि डग्गा मोकळा झाला. आईला मात्र स्टुलांभोवती केर काढायला जड जातं, आणि ती ते रोज सांगते.

म्हणूनच दुकानदाराने सुचवलेल्या लाखभराच्या टॉवर (जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच) स्पीकरवर मी फार वेळ घालवला नाही. भिंतीपासून पुढे ठेवायला जागा नाही, आणि वाढीव पैसा जातो तो नेमका आमची खोली जिथे घुमते त्याच स्वरांवर. वीस फुटी हॉल असेल तर त्यांचा विचार करा. छापील वॉटकडे बघून मात्र हुरळू नका. नव्वदच्या दशकात मूठभर डब्यावर 'पीएमपीओ'चे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे फुगवलेले) हजारो वॉट लिहिलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. वायरचंही तेच. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चार-पाच मीटरला पुरते.

ॲम्प्लिफायर बदलायचा मोह होत असेल तर आवरा. धड चालणारा ॲम्प्लिफायर स्वरात जेवढी भेसळ करतो, त्याच्या कितीतरी पट स्पीकर करतो. पैसा टाकायचाच झाला तर तो स्पीकरवरच टाकावा. फक्त आधी फोम, जागा आणि गोधडी उरकून घ्यावी आणि महिनाभर ऐकावं. तरी खटकत असेल तर आपल्या रोजच्या ऐकण्यातली दोन-तीन रेकॉर्डिंगं घेऊन जावं, आणि घरी नेऊन वाजवू देतो म्हणणाऱ्याकडूनच घ्यावं.

मी रोज ख्याल ऐकतो, आणि तो तंबोरा काही डोक्यातून जात नाही. मेहुण्याला आता त्याच्या पुढची जोडी हवी आहे, म्हणून ही तो मला २०,००० ला द्यायला तयार आहे. मी १८ म्हटलंय. जुने दोन्ही बेडरूममध्ये जातील, गोधडी जिथल्या तिथे राहील.