वायुसेना की विमानतळ प्राधिकरण? ठाण्यातील एटीसी मार्गदर्शन सत्राविषयी

ठाणे पश्चिमेला, स्थानकापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी असलेल्या एका स्पर्धापरीक्षा वर्गाने हवाई वाहतूक नियंत्रक (एटीसी), म्हणजे विमानांना उड्डाणाची व उतरण्याची परवानगी देणारे अधिकारी, होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अर्ध्या दिवसाचे सशुल्क मार्गदर्शन सत्र घेतले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीसोबत मी त्यास उपस्थित होतो. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली, तेव्हापासून ओळखीच्या अनेक घरांतून या नोकरीची चौकशी होऊ लागली आहे. त्यामुळे अशा सत्राची गरज होतीच.

परीक्षेविषयीचा भाग उत्तम झाला. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या संगणकीय परीक्षेतील १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण वजा न होणे आणि त्यानंतरची आवाज चाचणी हे सर्व नीट उलगडून सांगितले गेले. शिक्षकांनी मुलांना एकेक करून उभे केले, इंग्रजी उतारा मोठ्याने वाचून घेतला आणि कोण कोणती अक्षरे गिळतो हे तिथल्या तिथे दाखवून दिले. एवढ्या आस्थेने शिकवणारी माणसे क्वचितच भेटतात.

माझी हरकत आहे ती वेतनाच्या तक्त्याला. नियंत्रकाचे काम प्राधिकरणात किंवा वायुसेनेत अधिकारी होऊन करता येते आणि तक्त्यात या दोन वाटांची तुलना होती. पडद्यावर डावीकडे ‘प्राधिकरण: वार्षिक १३ लाख’ आणि उजवीकडे ‘वायुसेना: वार्षिक ६.७३ लाख’ असे दोन आकडे ठळक अक्षरांत झळकत होते आणि सभागृहातील बहुतेक पालकांनी त्याचे छायाचित्र काढून घेतले. पहिला आकडा प्राधिकरणाच्या जाहिरातीतील अंदाजे सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा एकूण वार्षिक खर्च आहे. त्यात ४०,००० रुपये मूळ वेतन, महागाई भत्ता, मूळ वेतनाच्या ३५ टक्के इतर भत्ते व घरभाडे यांच्याबरोबरच भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांसारखे दरमहा हाती न येणारे लाभही धरलेले असतात. दुसरा आकडा मात्र फ्लाइंग ऑफिसरच्या, म्हणजे वायुसेनेतील सुरुवातीच्या अधिकारीपदाच्या, ५६,१०० रुपये मूळ वेतनाला बाराने गुणून काढलेला होता. एका बाजूला सगळे लाभ धरायचे आणि दुसऱ्या बाजूला नुसते मूळ वेतन, याला तुलना म्हणता येत नाही.

वायुसेनेतील अधिकाऱ्याला मूळ वेतनाव्यतिरिक्त दरमहा १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेबद्दलचे वेतन) मिळतो आणि महागाई भत्ता या दोहोंच्या बेरजेवर, म्हणजे ७१,६०० रुपयांवर काढला जातो. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के दराने तो ४१,५२८ रुपये होतो. अशा रीतीने कर आणि कपातीपूर्वीची रक्कम दरमहा १,१३,१२८ रुपये, वर्षाला साडेतेरा लाखांच्या वर जाते. वाहतूक भत्ता आणि सरकारी निवासस्थान किंवा घरभाडे यांत धरलेलेच नाही. सुरुवातीच्या वर्षांत हाती येणाऱ्या पैशाचा विचार केला, तर तक्त्याने दाखवलेले चित्र नेमके उलटे आहे.

तरीही मी भाचीला वायुसेनाच निवड असे सांगणार नाही, कारण खरा फरक पहिल्या पगारात नाही. एफकॅट या वायुसेनेच्या प्रवेशपरीक्षेद्वारे या शाखेत मिळणारे शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारीपदाची नेमणूक, १० वर्षांचे असते व ते १४ वर्षांपर्यंत वाढू शकते. निवृत्तिवेतनासाठी अधिकाऱ्याची २० वर्षे सेवा लागते, म्हणजे ऐन चाळिशीच्या अलीकडे निवृत्तिवेतनाविना नवी नोकरी शोधावी लागते. प्राधिकरणात साठीपर्यंत सेवा करता येते, व्यवस्थापक पदाची वेतनश्रेणी ६०,००० रुपयांपासून सुरू होते आणि नियंत्रकाला रेटिंगनुसार, म्हणजे मिळवलेल्या कामाच्या पात्रतेनुसार, स्वतंत्र भत्ताही मिळतो. शिवाय वायुसेनेत प्रशासन शाखेत निवड झाली तरी हवाई वाहतूक नियंत्रणच वाट्याला येईल अशी खात्री नसते, तिथे फायटर कंट्रोलरचे, म्हणजे लढाऊ विमानांना जमिनीवरून मार्गदर्शन करण्याचे कामही दिले जाऊ शकते. ज्या मुलीला याच कामाची ओढ आहे, तिच्यासाठी ही बाब पगाराइतकीच महत्त्वाची आहे.

कामाचे स्वरूप तर फारसे वेगळे नाही. नवी मुंबईहून निघणारे प्रवासी विमान प्राधिकरणाच्या नियंत्रकाच्या परवानगीने धावपट्टी सोडते, आणि पुण्याला लोहगावात उतरणाऱ्या प्रवासी विमानाला वायुसेनेचा नियंत्रक परवानगी देतो. प्रवाशांचा जीव दोघांच्याही शब्दावर सारखाच अवलंबून असताना त्यांच्या मोबदल्याची मांडणी इतक्या ढिलाईने व्हावी, याचे मला वाईट वाटले.

प्रश्नोत्तरांत मी हा मुद्दा मांडला तेव्हा शिक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तक्ता जाहिरातीवरून केल्याचे सांगितले. चूक मात्र त्या दिवशी पडद्यावर तशीच राहिली. प्राधिकरणातील निवडीनंतर प्रशिक्षण संपल्यावर तीन वर्षे सेवा करण्यासाठी द्यावे लागणारे ७ लाख रुपयांचे हमीपत्रही शेवटच्या घाईत एका वाक्यात उरकले गेले; खरे तर मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न त्याचाच निघतो.

परीक्षेच्या तयारीसाठी हे सत्र मी निःसंकोच सुचवीन, विशेषतः आवाज चाचणीची भीती वाटणाऱ्या मुलांना. वेतनाचा हिशेब मात्र दोन्ही जाहिराती शेजारी ठेवून घरीच करावा आणि तो करताना दोन्हीकडे मूळ वेतन, भत्ते व निवृत्तीचे लाभ वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत.