जुन्या लोखंडाला तांब्याची झळाळी: मेण, वर्ख आणि स्प्रे वापरून पाहिल्यानंतर

आधी निकाल सांगते. जुन्या वस्तूंना धातूची झळाळी देणाऱ्या ज्या गोष्टी मी घरी वापरल्या, त्यांत बोटाने घासून लावायचं मेण पहिलं, सोनेरी वर्ख दुसरा आणि स्प्रेचा डबा तिसरा. झाकणावर ‘क्रोम’ लिहिलेला, आरशासारखी चंदेरी चमक देणारा स्प्रे मात्र मी कुणालाच सुचवणार नाही.

मेण म्हणजे मऊसर मेणात कालवलेली धातूची किंवा अभ्रकाची बारीक पूड. एवढीशी डबी असते आणि किंमत ऐकून पहिल्यांदा थबकायला होतं. पुण्याच्या बोहरी आळीत रंगवाल्यांकडे मला मिळालं नाही, ऑनलाइन मागवलं. पण त्याने आमच्या सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या पायांचं जे केलं, त्यासाठी दुप्पट पैसे दिले असते.

वरचं यंत्र केव्हाच निकामी झालं होतं. उरला होता ओतीव लोखंडाचा सांगाडा: दोन्ही बाजूंना वेलबुट्टी, मधोमध ‘उषा’ ही अक्षरं, खाली जाळीचं पायडल. सगळ्यावर मशीनचं तेल आणि धूळ यांचा काळा राप. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, थिनरच्या फडक्याने तेल पुसलं, रेड ऑक्साइड प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या गंजरोधक थराचा, हात दिला आणि त्यावर मॅट काळा रंग. खरी मेहनत एवढीच. काळा रंग पूर्ण वाळल्यावर मटकीएवढं मेण बोटावर घ्यायचं आणि हलक्या हाताने फक्त उठावाच्या नक्षीवरून फिरवायचं. खोलगट भाग काळाच राहतो, उंचवटे तांबूस उजळतात. रात्रभर ठेवून सकाळी सुती फडक्याने घासलं की चमक येते. स्प्रेने हे जमत नाही, कारण तो खोल-उंच सगळं एकाच रंगात बुडवतो आणि ओतकामाची नक्षी सपाट दिसू लागते. सासूबाई त्या मशीनवर वर्षानुवर्षं बसल्या. पाय पाहून म्हणाल्या, “अगं, यावर वेल होती होय?” आता त्यावर शहाबादी फरशी ठेवली आहे आणि गॅलरीतलं आमचं चहाचं टेबल तेच आहे.

वर्ख मी जुन्या बाजारातून आणलेल्या आरशाच्या लाकडी चौकटीला लावला. हा मिठाईवरचा चांदीचा वर्ख नव्हे. स्वस्तातला सोनेरी वर्ख तांबं आणि जस्त यांच्या मिश्रणाचा, म्हणजे जवळजवळ पितळच असतो. त्याचा गोंद लावताना दुधासारखा पांढरा दिसतो. तो पारदर्शक झाला, बोटाला नुसता चिकटसर लागला, की पान ठेवायचं. पंखा आधी बंद करा, नाहीतर पान खोलीभर उडेल. मऊ ब्रशने दाबत गेलं की मधूनमधून बारीक भेगा राहतात, त्या मला फार आवडतात. खाली गेरूच्या रंगाचा हात असेल तर त्यातून लालसर झाक डोकावते. वरून वार्निश हवंच. पितळ उघडं राहिलं तर काळवंडतं आणि पुण्याच्या पावसाळ्यात ते जरा लवकरच होतं. खऱ्या सोन्याच्या वर्खाला ही भीती नाही, पण त्याचा खर्च आरशाच्या कितीतरी पट आहे.

स्प्रेचा उपयोग जाळीदार वस्तूंना: दिव्याची वेताची शेड, टेबल फॅनची जाळी, तारेची टोपली. तिथे ब्रश पोचत नाही. डबा आतली गोळी खळखळेपर्यंत आणि त्यानंतर मिनिटभर हलवायचा, वीत-दीड वीत लांब धरायचा आणि पातळ हात द्यायचे. जाड मारला की ओघळ आलेच. धातूच्या रंगाखाली प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, म्हणून पॉलिश पेपर मारण्यात आळस करू नका. प्लास्टिकला त्याचा वेगळा प्रायमर लागतो. “ताई, रंग नंतर, आधी प्रायमर न्या,” असं बोहरी आळीतल्या दुकानदाराने आग्रहाने सांगितलं आणि ते पूर्ण खरं आहे. काम गच्चीत, तोंडाला मास्क लावून करावं आणि दिवाळीनंतर करावं. हवेत दमटपणा असला की रंगावर पांढुरकी साय धरते.

क्रोमचं सांगते. गुळगुळीत काळ्या थरावर तो मारला की पहिल्या तासात सुरेख दिसतो. मग हात लागला की डाग पडतो, आणि डाग पडू नये म्हणून वर लॅकर मारलं की चमक मरून करडा ॲल्युमिनियम उरतो. हातात न येणाऱ्या वस्तूलाच तो चालेल.

एक कळकळीची विनंती. तांब्या-पितळेच्या खऱ्या वस्तूंना यातलं काहीही लावू नका. समई, घंगाळ, बंब यांना चिंच किंवा पितांबरी पुरते. पोचे आले असतील तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तिथले कारागीर पोचा काढून वरून मठारकाम करून देतात. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्रा घट्टही होतो आणि प्रत्येक ठोका वेगळा चकाकतो. असं काम कुठल्याच डबीतून येणार नाही. स्वयंपाकाच्या पितळी पातेल्याला आतून कल्हईच हवी. रंग, मेण, वर्ख यांतलं काहीही अन्नाला किंवा ज्योतीच्या जवळ नको.

मेणाची डबी वापरून झाल्यावर झाकण घट्ट लावा. तरी मेण सुकलंच, तर टर्पेंटाईनचे दोन थेंब टाकून काडीने ढवळा, पुन्हा मऊ होतं. माझी डबी अजून अर्धी आहे. आता माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या कड्या आणि कोपऱ्यांचे पत्रे करायचे आहेत.