जुन्या गाडीचा रास्त भाव: एक्स्चेंज, ऑनलाइन, व्यापारी की थेट गिऱ्हाईक?

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि साताऱ्याच्या घरापुढची वॅगनआर विकायचं काम माझ्याकडे आलं. एमएच-11 पासिंग, नोव्हेंबर 2012, पेट्रोल, 86,000 किलोमीटर, पहिल्या दिवसापासून एकच मालक. बाबांच्या मते तिचे दोन लाख यायलाच हवेत. भाऊ नवीन गाडी बघत होता, त्या शोरूमने एक लाख पाच हजार सांगितले. दोन्ही आकडे ठामपणे सांगितलेले, आणि मध्ये 95 हजारांचं अंतर. हे अंतर कशामुळे पडतं ते समजून घेतलं की कुठल्या मार्गाने विकायचं हा प्रश्न बराच सोपा होतो. म्हणून आधी भावाचं बोलते, मग मार्गांचं.

भाव काढताना

विम्याच्या कागदावर आयडीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त जेवढे देते ती रक्कम. अनेकजण तोच गाडीचा भाव समजतात. पहिल्या पाच वर्षांत तो ठरलेल्या घसाऱ्याने उतरतो: सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग दरवर्षी दहा-दहा करत पाचव्या वर्षाअखेर 50. पाच वर्षांपुढे मात्र तो कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरतो. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांच्या गाडीसाठी त्या आकड्याचा आणि बाजारभावाचा संबंध जेमतेमच उरतो. आमच्या बाबतीत तो बाजारभावापेक्षा बराच खाली होता.

खरा भाव आसपासच्या जाहिरातींत सापडतो, पण त्या वाचायची एक पद्धत आहे. मी सातारा आणि पुण्यातल्या 2011 ते 2013 च्या पेट्रोल वॅगनआरच्या अकरा जाहिराती काढल्या. आकडे 1 लाख 35 हजारांपासून सव्वादोन लाखांपर्यंत पसरलेले. वरच्या दोन आणि खालच्या दोन सोडून दिल्या, तर बहुतेक 1.70 ते 1.85 लाखांच्या आसपास होत्या. पण हे मागणीचे आकडे, सौद्याचे नव्हेत. मी गिऱ्हाईक म्हणून पाच ठिकाणी फोन केला. तिघं पहिल्याच फोनवर दहा-पंधरा हजार खाली आले. दोन जाहिराती दोन महिन्यांपासून तशाच पडून होत्या, म्हणजे तो भाव कोणी देत नव्हतं. यावरून चांगल्या स्थितीतल्या गाडीचा खपणारा भाव मी 1.65 धरला.

जाहिरात कधीची आहे हेही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. नव्या ऑल्टोची सुरुवातच चार लाखांच्या आत आली म्हटल्यावर जुन्या छोट्या गाडीसाठी गिऱ्हाईक हात आखडता घेणारच. त्याआधी शेजाऱ्याच्या गाडीला काय मिळालं याचा आता फारसा उपयोग नाही.

मग वजाबाकी. घेणाऱ्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे खर्चावं लागणार ते भावातून जातंच. तुम्ही नाही सांगितलं तर तो सांगेल, आणि फुगवून सांगेल. मी गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. पुढचे दोन टायर संपलेले, 7,000. क्लच शेवटाला आलेला, 8,500. बॅटरी, 4,500. एकूण 20,000. उरले 1.45.

गॅरेजवाल्या काकांना विचारलं, "हे करून घेऊ का विकायच्या आधी?" ते म्हणाले, "बॅटरी टाका ताई, गाडी दाखवताना पहिल्या किल्लीला सुरू झाली पाहिजे. क्लचला हात लावू नका. नवीन क्लचचे पैसे कोणी देत नाही, जुन्या क्लचचे कापतात मात्र सगळे." मला आधी हे पटलं नव्हतं. पण हिशेब केला तर साडेआठ हजार घालून भाव साडेआठने वाढेल याची खात्री नाही, आणि क्लच जड आहे हे मोकळेपणाने सांगितलं तर तितकेच कमी होतात. रंगकामाचंही तसंच. नुकता रंग दिसला की जाणकार माणूस आधी अपघात शोधतो. बॉनेटचे आणि दारांचे बोल्ट फिरवलेले आहेत का, दाराचं रबर ओढून आतला पत्रा कसा आहे, हे बघतो. जुना, थोडा खरचटलेला मूळ रंग जास्त विश्वासाचा.

भावाला खरा आधार देणाऱ्या गोष्टी कागदाच्या असतात. सर्व्हिसची सगळी बिलं, एकच मालक, चालू विमा, दुसरी किल्ली. 86,000 किलोमीटर हा आकडा मीटरवर कोणीही दाखवू शकतो. बिलांवर तो वर्षावर्षाने चढत गेलेला दिसला की वाद उरत नाही. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या. चारचाकीला 745 रुपये आणि वर जीएसटी लागतो, आणि ती नसेल तर आरटीओची कामं अडतात. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) हवी आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. नाहीतर किटचे पैसे मिळायच्या ऐवजी कापले जातात.

सगळ्यात मोठा आकडा मात्र पासिंगचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून चारचाकीला त्याचं शुल्क 5,000 रुपये आहे, ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला 10,000. मुदत उलटली तर प्रत्येक महिन्याचे 500. शिवाय पर्यावरण कर आणि तपासणीसाठी गाडी उभी करण्याआधीची डागडुजी. आमच्या गाडीचं पासिंग नोव्हेंबर 2027 पर्यंत होतं, म्हणजे पावणेदोन वर्षं शिल्लक, आणि ते मी जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं सहा महिन्यांत संपत असतील तर दोनच वाटा आहेत: आत्ताच विका, किंवा रिपासिंग करून पाच वर्षांचा कागद हातात घेऊन विका. मुदत संपलेली गाडी घेऊन बाजारात उभं राहणं सगळ्यात महाग पडतं.

त्याच गाडीला चार ठिकाणी काय मिळालं

शोरूमचं एक्स्चेंज वरवर चांगलं दिसलं: 1.05 आणि वर 25,000 बोनस, म्हणजे 1.30. मग मी भावाला वेगळाच प्रश्न विचारायला लावला: जुनी गाडी दिलीच नाही तर नवी कितीला? उत्तर आलं, आणखी 10,000 कमी. म्हणजे आमच्या गाडीचे प्रत्यक्षात 1.20 मिळत होते. हे दोन आकडे नेहमी वेगवेगळे, लेखी घ्या. नव्या गाडीची सूट आणि जुनीचा भाव एकत्र कालवला की कशात किती गेलं ते समजत नाही. बोनससाठी जुनी आणि नवी गाडी एकाच कुटुंबात असल्याचा पुरावाही मागतात.

ऑनलाइन खरेदी करणाऱ्या एका कंपनीने फोनवर 1.42 पर्यंत मिळतील असं सांगितलं. माणूस घरी आला, तासभर गाडी तपासली, फोटो काढले, आणि संध्याकाळी आकडा आला 1.18. मला राग आला, कारण त्या 1.42 च्या भरवशावर मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं होतं. तपासणी मात्र नीट केलेली होती, क्लच त्यांनीही पकडला. फोनवरचा आकडा विसरून फक्त तपासणीनंतरचा धरायचा, एवढं पाळलं तर हा मार्ग स्वच्छ आहे: पैसे खात्यावर लगेच, कागद ते करतात, घरी अनोळखी लोकांची ये-जा नाही.

गावातल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने 1.10 सांगितले. बाबांना तो अपमान वाटला. मला वाटला नाही. तो ही गाडी 1.65 ला लावणार. त्यातून वीस हजारांचं काम, जागेचं भाडं, गाडी दोन महिने पडून राहिली तर अडकलेले पैसे, आणि जीएसटीत नोंदणी असेल तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर 18 टक्के कर. हा दर जानेवारी 2025 पासून सगळ्या जुन्या गाड्यांना लागू आहे. तुम्ही-आम्ही आपली घरची गाडी दुसऱ्या माणसाला विकतो तेव्हा जीएसटी लागत नाही. थेट विक्रीतला जास्तीचा पैसा काही अंशी इथूनच येतो.

थेट गिऱ्हाइकासाठी मी 1.65 मागितले. पाच आठवडे, नऊ जण बघायला आले, पुण्याहून साताऱ्याला माझ्या चार फेऱ्या. दोघांनी क्लच दाबून पाहिला आणि निघून गेले. एकाने 1.30 रोख आणि "नाव नंतर बघू" असा प्रस्ताव ठेवला. शेवटी कोरेगावजवळच्या एका शिक्षकांनी 1.48 ला घेतली. त्यांनी बिलांची फाइल अर्धा तास चाळली आणि त्यानंतर फक्त टायरवर बोलले.

म्हणजे ऑनलाइनच्या 1.18 पेक्षा 30,000 जास्त. फेऱ्यांचा खर्च पाच-सहा हजार वजा केला तर पाच आठवड्यांच्या दगदगीचे चोवीस-पंचवीस हजार. मला ते परवडले, कारण बाबा घरीच होते आणि गाडी दाखवू शकत होते. परदेशात राहून इथली गाडी विकणाऱ्याला, किंवा घरी एकट्या राहणाऱ्या आईला अनोळखी माणसांना गाडी दाखवावी लागणार असेल, तर मी हे सुचवणार नाही. तिथे ऑनलाइनचा किंवा शोरूमचा भाव घ्यावा, आणि कमी आलेला पैसा त्या निवांतपणाची किंमत समजावी.

नाव बदलेपर्यंत गाडी तुमचीच

"नाव नंतर बघू" म्हणणारा दहा हजार जास्त देत असला तरी त्याला गाडी देऊ नका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात हेच स्पष्ट केलं. मूळ मालकाने गाडी विकली होती, ती पुढे हातोहात फिरत गेली, पण आरसीवर नाव त्याचंच राहिलं. नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच आली. कायद्याच्या नजरेत नोंदीवरचा माणूस तोच मालक.

म्हणून मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरणं हा सौद्याचा भाग समजा, सौद्यानंतरचं काम नव्हे. राज्यातल्या राज्यात विकत असाल तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म 35 देऊन तो आधी उतरवा. थकलेले ई-चलन भरून टाका. बाबांच्या आरसीला जोडलेला मोबाइल नंबर दहा वर्षांपूर्वी बंद झालेला होता, तो बदलण्यातच आमचा आठवडा गेला. जाहिरात देण्याआधी हे तपासलं असतं तर बरं झालं असतं.

व्यापाऱ्याला देताना त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. एप्रिल 2023 पासूनच्या नियमांप्रमाणे अशा व्यापाऱ्याला गाडी दिल्याची नोंद फॉर्म 29सी ने होते आणि पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत जबाबदारी त्याची ठरते. असं प्रमाणपत्र असलेला व्यापारी पाच हजार कमी देत असेल तरी मी त्यालाच देईन.

पैसे खात्यावर घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे गाडी विकणाऱ्याला होतो. घरच्या वापराच्या गाडीवर भांडवली नफ्याचा कर नसतो, ती काळजी नको. फास्टॅग गाडी देण्याच्या दिवशीच बंद करा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांत स्वतःच्या नव्या गाडीला वापरता येतो.

सगळ्यांना हा हिशेब लागू नाही

वॅगनआर, ऑल्टो, स्विफ्ट यांना गावोगाव गिऱ्हाईक आहे, म्हणून थेट विक्रीत तीस हजार जास्त मिळाले. शेवरोलेने 2017 अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. अशा गाड्या चांगल्या असल्या तरी सुट्या भागांच्या धास्तीने थेट गिऱ्हाईक मिळायला महिनोन्महिने लागतात, आणि तोवर पासिंगची मुदत कमी होत राहते. तिथे तीन व्यापाऱ्यांचे भाव घेऊन बरा देणाऱ्याला देणं शहाणपणाचं. जुन्या मोठ्या सेडानचंही जवळपास तेच.

दहा वर्षांची डिझेल गाडी असेल तर गिऱ्हाईक हमखास "दहा वर्षांनी बंद होते" असं म्हणून भाव पाडेल. तो नियम दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी आला, महाराष्ट्रात पंधरा वर्षांचंच पासिंग आहे. आरसीवरची तारीख दाखवा आणि आपल्या आकड्यावर राहा.

पंधरा वर्षं उलटलेल्या, पत्रा सडलेल्या गाडीला मात्र बाजार शोधत बसू नका. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या. केंद्राच्या 2021 च्या धोरणात भंगाराचा भाव तशाच नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के धरलेला आहे, आणि मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. नाक्यावरचा भंगारवाला रोख दोन हजार जास्त देईल, पण ते प्रमाणपत्र आणि आरसी रद्द झाल्याची नोंद त्याच्याकडून मिळत नाही, आणि ती नोंद होईपर्यंत गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते.